खंडित व्यवहार (स्मार्ट कार्ड)

खंडित व्यवहार : स्मार्ट कार्डावर नोंद होत असताना कार्ड यंत्रापासून दूर गेल्यामुळे मध्येच तुटलेला व्यवहार. असा व्यवहार एक तर पुरा व्हावा, नाहीतर झालाच नाही असे ठरावे, हे कार्डातील माहितीच्या संरक्षणाचे मूलतत्त्व आहे.

कारण : स्पर्शविरहित कार्डात बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रातून त्याला वीज मिळते, तीही काही सेंटिमीटर अंतरापर्यंतच. स्थायी स्मृतीतील जुनी नोंद पुसून नवी लिहिण्यास काही मिलिसेकंद लागतात. नेमका त्याच वेळी हात मागे घेतला, तर जुनी शिल्लकही जाते आणि नवीही उमटत नाही.

उपाय : जुनी किंमत आधी राखीव जागेत ठेवून खूण केली जाते, मग नवी लिहिली जाते आणि शेवटी खूण पुसली जाते. पुन्हा वीज मिळताच कार्ड प्रथम ती खूण तपासते. ती शिल्लक असेल तर जुनी किंमत परत बसवते. दुसऱ्या रीतीत नोंदीच्या दोन प्रती क्रमांकासह ठेवतात आणि शाबूत असलेल्यांपैकी ताजी प्रत ग्राह्य धरतात. मायफेअर क्लासिक कार्डात रक्कम तीनदा लिहितात, त्यांपैकी एकदा उलट्या बिटांत. जावा कार्डात अनेक नोंदी एकाच व्यवहारात बांधता येतात.

अपवाद : पिन चुकल्याची मोजणी मात्र मागे फिरवली जात नाही. तशी मुभा असती, तर कार्ड वेळीच ओढून चोराला हवे तितके प्रयत्न करता आले असते.

मर्यादा : कार्डातून पैसे वळते झाले, पण पोच यंत्राला मिळाली नाही, तर कार्डातील नोंद शाबूत असूनही तिकीट निघत नाही. अशा वेळी तेच कार्ड पुन्हा टेकवल्यावर यंत्राने व्यवहार क्रमांक ताडून, दुसऱ्यांदा पैसे न कापता तिकीट द्यावे लागते.

एसटीतील संदर्भ : राज्य परिवहनात (एसटी) सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड २०१९ मध्ये आले. रोखीच्या व्यवहारातही याच तत्त्वाची रीत दिसते : सुट्टे नसले की वाहक देणे बाकी तिकिटामागे लिहून देतो आणि प्रवासी उतरताना ते मागून घेतो. अपुऱ्या व्यवहाराची खूण आधी करून ठेवायची आणि हिशेब मिटेपर्यंत ती जपायची, हीच रीत कार्डातील राखीव जागेचीही आहे.