प्रोबायोटिक

पुरेशा संख्येने जिवंत स्थितीत सेवन केले असता आरोग्यास लाभ देणाऱ्या सूक्ष्मजीवांना प्रोबायोटिक म्हणतात. ही व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये मांडली. सूक्ष्मजीव जिवंत असणे, संख्या पुरेशी असणे आणि लाभ सिद्ध झालेला असणे या तिच्या तीन अटी होत. त्यामुळे आंबवलेला प्रत्येक पदार्थ प्रोबायोटिक ठरत नाही. बहुतेक प्रोबायोटिक हे जीवाणू असून सॅकरोमायसिस बुलार्डी हे मात्र यीस्ट आहे.

इतिहास

नोबेल पारितोषिकाचे (१९०८) मानकरी इल्या मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातील ग्रामस्थांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबट दुधातील जीवाणूंशी जोडला. १९३० मध्ये जपानमधील मिनोरू शिरोता यांनी आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणारा लॅक्टोबॅसिलसचा वाण वेगळा केला.

पारंपरिक पदार्थ

विरजणातील जीवाणू दुधातील लॅक्टोज या शर्करेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. लॅक्टोज नीट न पचणाऱ्या अनेकांना दुधापेक्षा दही सोसते, ते यामुळेच. घरगुती विरजणातील जीवाणूंचे वाण व संख्या घरोघरी बदलतात. म्हणून असे दही पौष्टिक असले, तरी काटेकोर अर्थाने त्यास प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

वाशीम जिल्ह्यासह विदर्भाच्या आहारात ताक, कढी आणि ज्वारीची आंबील यांना स्थान आहे. ताज्या ताकात जीवाणू जिवंत असतात. कढी उकळताना किंवा आंबवलेल्या पिठाची आंबील शिजवताना ते मरतात. आंबवण्याने आलेली चव मात्र टिकते. इडली व ढोकळ्याचेही तसेच आहे.

पूरके व नियमन

पूरके कॅप्सूल, भुकटी किंवा द्रवरूपात मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातील प्रोबायोटिकविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार दैनंदिन मात्रेत सामान्यतः किमान १० कोटी जिवंत सूक्ष्मजीव असणे अपेक्षित आहे. वेष्टनावर प्रजाती, वाण आणि जिवंत सूक्ष्मजीवांची संख्या पाहावी. उष्णतेने ही संख्या घटत असल्याने साठवणुकीच्या सूचना पाळणे, विशेषतः विदर्भाच्या उन्हाळ्यात, आवश्यक ठरते.

परिणाम व सुरक्षितता

लाभ वाणागणिक बदलतो. एका वाणाचा निष्कर्ष दुसऱ्यास लागू होत नाही. ओडिशाच्या ग्रामीण भागातील ४,५५६ नवजात अर्भकांवरील अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा विशिष्ट वाण व त्यास पोषक शर्करा दिलेल्या गटात रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे एकत्रित प्रमाण ५.४ टक्के, तर इतर गटात ९ टक्के आढळले. ही अर्भके किमान २ किलोग्रॅम वजनाची होती.

याउलट, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना प्रोबायोटिक देण्याच्या गंभीर धोक्याचा इशारा दिला. अशी अर्भके व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नये. अतिसारात जलसंजीवनीला प्रोबायोटिक हा पर्याय नाही.