वखारीतील बिऱ्हाड

सतराव्या शतकात सुरत बंदरी राहिलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांविषयी आपल्याकडे जे लेखन झाले आहे त्यात फर्माने, लढाया आणि तहनामे यांचाच भरणा अधिक असून, ही माणसे कोणत्या घरात राहत, कोणाच्या पंक्तीस जेवत आणि कामानिमित्त मुलूखगिरीस निघाली म्हणजे वाटेत काय पाहत, या प्रश्नांकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच वळलेले दिसते. पुढे ज्यांच्या वारसांनी या देशावर राज्य केले ते हे लोक येथे आले तेव्हा मोगल अंमलदारांच्या मेहेरनजरेवर अवलंबून असलेले, बादशाही मालकीच्या इमारतीचे भाडे भरणारे, ईस्ट इंडिया कंपनीचे परदेशी चाकर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवल्यावाचून त्यांच्या दैनंदिन जीवनाचा उलगडा होत नाही.

1608 साली ‘हेक्टर’ जहाजावरून विल्यम हॉकिन्स सुरतेस उतरला आणि 1612 साली सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झुंज देऊन टॉमस बेस्ट याने आपल्या देशबांधवांचा जम बसवून दिला. तापीचे मुख गाळाने उथळ झालेले असल्यामुळे मोठी जहाजे सुवाळीसच नांगर टाकीत. पाऊस सरल्यावर ती यावयाची आणि साधारणतः जानेवारीच्या सुमारास माल भरून परतावयाची. त्यामुळे वर्षातील काही महिने वखारीत हातघाईचे आणि उरलेले निव्वळ प्रतीक्षेचे जात. आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या प्रवासास सहा-आठ महिने लागत, म्हणून मालकांस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत वर्ष उलटून जाई आणि तोवर प्रश्नकर्ता जिवंत असेलच, अशी शाश्वती नसे.

या वखारीची घडी मठासारखी होती. 1638 साली तेथे पाहुणा म्हणून राहिलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो सांगतो की, रोज सकाळी सहाला आणि रात्री आठला प्रार्थना होई व रविवारी ती तीनदा होई. नित्याच्या बैठकीत चहा घेतला जाई. आणि विलायतेहून ज्या वारी निघाले तो शुक्रवार होता म्हणून दर शुक्रवारी वखारीचा अध्यक्ष मेथवोल्ड आणि त्याचे तिघे आप्त मायदेशी राहिलेल्या आपापल्या पत्नींच्या आरोग्याप्रीत्यर्थ पेला उचलीत. रात्री दरवाजे बंद होत आणि परवानगीवाचून बाहेर राहणे हा अपराध गणला जाई. पन्नास वर्षांनी, 1689 साली, ओव्हिंग्टन नावाचा पाद्री येथे आला तेव्हा हा संसार बराच संपन्न झाला होता: सर्वांच्या जिभेचे चोचले पुरावेत म्हणून इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन आचारी ठेवलेले होते, पाने चांदीची होती आणि सणावारी हरिणाच्या व मोराच्या मांसासोबत शिराझची मदिरा येई.

या थाटाचा खर्च पगारातून भागणे मात्र अशक्य होते. 1675 च्या सुमाराची श्रेणी पाहिली तर कारकुनास वर्षाला 10 पौंड, फॅक्टरास 20, व्यापाऱ्यास 30 आणि वरिष्ठ व्यापाऱ्यास 40 पौंड मिळत. जेवणखाण व निवारा कंपनीचा असला तरी एवढ्या वेतनासाठी कोणी प्राण पणास लावीत नाही. खरा ओढा होता तो खासगी व्यापाराचा. आणि तो करावयाचा तर दलाल, सराफ व दुभाषी यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नसे. खुद्द कंपनीदेखील विरजी व्होरा या सुरतेच्या धनाढ्य सावकाराची वेळोवेळी ऋणको होती.

वखारीच्या भिंतीबाहेरचा देश त्यांना दिसे तो कामाच्या प्रवासात. बयान्याची आणि सरखेजची नीळ, भडोचचे कापड यांची खरेदी करावयास दस्तके घेऊन, प्याद्यांच्या सोबतीने, नाक्यानाक्यावर राहदारी भरीत त्यांना जावे लागे. 1630 च्या नोव्हेंबरात कंपनीचा नोकर पीटर मंडी सुरतेहून आग्र्यास निघाला तो नेमका महादुष्काळात. नंदुरबारास प्रेतांमुळे तंबू ठोकावयास जागा मिळणे कठीण झाले, आणि बादशहाची छावणी असलेल्या बुऱ्हाणपुरात मात्र बाजार भरलेला होता, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. याच दुष्काळाने देहूस तुकोबांच्या संसाराची वाताहत केली, हे आठवले म्हणजे परक्या माणसाच्या त्या कोरड्या टिपणाचे मोल आपणांस कळते. सुरतेची वखारही त्यातून सुटली नाही. तिचा अध्यक्ष टॉमस रॅस्टेल 1631 साली निवर्तला.

दुसरा प्रवास महाराष्ट्राच्या विशेष परिचयाचा आहे. कंपनीची राजापूरची वखार 1661 साली शिवाजी महाराजांच्या सैन्याकडून लुटली गेली होती. त्या नुकसानीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागण्यासाठी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन 1674 च्या मे महिन्यात मुंबईहून निघून चौल, रोह्याजवळची अष्टमी, निजामपूर या मार्गाने रायगडाच्या पायथ्याशी पोहोचला. महाराज प्रतापगडी देवीच्या दर्शनास गेलेले असल्यामुळे पाचाडास त्याला तिष्ठत राहावे लागले. 6 जून रोजी त्याने राज्याभिषेक पाहिला; सिंहासनाशेजारी सोनेरी भाल्यांवर लावलेली चिन्हे निरखली आणि दारातले दोन हत्ती एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे, याचे आश्चर्य नोंदविले. या पाहुण्यांच्या नित्य मांसाहाराने चकित होऊन, आजवर एवढा खप न पाहिलेला एक म्हातारा खाटीक त्यांना पाहण्यासाठी मुद्दाम गड चढून आला, अशीही हकीकत आहे. बोलणी महाराजांच्या दरबारातील निराजीपंतांच्या मार्फत झाली. 10,000 होनांची भरपाई आणि अडीच टक्के जकात मान्य झाली. परंतु किनाऱ्यास लागलेल्या फुटक्या गलबतांवरील हक्क सोडण्यास, कोकणच्या रिवाजाविरुद्ध म्हणून, दरबाराने हरकत घेतली.

या जीवनाची किंमतही जबर होती. मुंबईत तर गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे म्हटले जाई. सुरतेस क्रिस्तोफर आणि सर जॉर्ज या ऑक्झेंडन बंधूंची घुमटाची भव्य कबर आजही उभी आहे. पुढे 1687 मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईस हलले आणि सुरतेचे हे बिऱ्हाड दुय्यम झाले.

या माणसांनी आपल्या मालकांपुढे हिशेब ठेवण्यासाठी जे लिहिले तेच आज आपल्या इतिहासाचे साधन झाले आहे, आणि ते वाचताना ही लेखणी गरजू व्यापाऱ्याची होती, हे विसरता कामा नये. या कागदांस दुसऱ्या बाजूची साक्ष हवी असेल तर ती दलालांच्या, सावकारांच्या आणि दुभाष्यांच्या वह्यांतच मिळू शकेल. म्हणून ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी दप्तरे बांधून पडली असतील, त्यांनी ती वाळवीच्या स्वाधीन न करता अभ्यासकांच्या हवाली करावीत.