मालकी, मोकाटपणा आणि निर्बीजीकरण

मुंबई इलाख्यातील श्वाननियंत्रणाचा इतिहास पाहू जाता एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो : मोकाट कुत्रे कोणते व पाळीव कोणते? १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत जो दंगा उसळला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. भटकी कुत्री मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. त्या लोभाने धनी असलेली कुत्रीही मारली जातात, असा पारशी समाजाचा आक्षेप होता. ‘सगदीद’ या अंत्यविधीत कुत्र्यास स्थान असल्यामुळे त्या आक्षेपाला धर्मभावनेची धार होती. इतर समाजांतील लोकही हरताळात सामील झाले.

तथापि हत्येचे धोरण टिकून राहिले. १९८४ ते १९९४ या काळात एकट्या मुंबईत सुमारे साडेचार लाख कुत्री मारली गेली. तरीही त्यांची संख्या आटोक्यात आली नाही. याचे कारण उघड आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असून ती वर्षातून दोनदा विऊ शकते. उकिरड्यावरील अन्न कायम राहिले म्हणजे रिकामी झालेली जागा नवी पिल्ले भरून काढतात. १९९४ नंतर मुंबईने निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. २००१ च्या केंद्रीय नियमांनी तो देशभर विहित केला. २०२३ च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर, तर पाळीव कुत्र्यांची त्यांच्या धन्यावर सोपविली.

ही विभागणी महानगरात कशीबशी चालते. हिरण्यकेशीकाठच्या आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ती अपुरी पडते. शेतकऱ्याचे कुत्रे एका दारी भाकरी खाते, रात्री खळे राखते आणि दिवसा गावभर हिंडते. कायद्याच्या दृष्टीने त्याला धनी आहे; प्रजोत्पादनाच्या दृष्टीने ते मोकाटच होय. घरच्या मादीची नकोशी पिल्ले वेशीबाहेर सोडली गेली, की बेवारस कुत्र्यांवर केलेल्या शस्त्रक्रियांचे फळ वाया जाते.

शस्त्रक्रियेस भूल, शल्यकर्मात तरबेज पशुवैद्य आणि जखम भरेपर्यंत निवारा लागतो. हा भार एकट्या गावास किंवा अल्पभूधारकास पेलणारा नव्हे. आजरा, गडहिंग्लज, भुदरगड व चंदगड हे लगतचे तालुके एकत्र येऊन एखादे सामाईक केंद्र चालवतील, आणि तेथे पाळीव कुत्र्यांवरही अल्प दरात शस्त्रक्रिया होईल, तरच नियमांचा हेतू साध्य होण्याचा संभव आहे. १८३२ साली सत्तेने धन्याचा हक्क विचारात घेतला नाही. २०२३ च्या नियमांनी त्याचे कर्तव्य सांगितले, परंतु त्याच्या ऐपतीविषयी ते मौन पाळतात.