ईश्वर, अनुमान आणि अमळनेर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशातल्या कापसाच्या जोरावर अमळनेरात कापडगिरणी उभी राहिली. बोरीकाठचं हे गाव तोवर सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी ओळखलं जाई. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ, म्हणजेच मोतीलाल माणेकचंद, वेदान्ताची ओढ असलेले. त्यांच्या पुढाकारानं १९१६ साली इथं ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी’ सुरू झाली. गावाच्या तोंडी तिचं नाव तत्त्वज्ञान मंदिर. शंकराचार्यांच्या अद्वैताचा अभ्यास व्हावा, हा हेतू. अभ्यासकानं इथं येऊन राहावं, शिष्यवृत्ती घ्यावी, वाचावं, लिहावं आणि वाद घालावा.

भाविक शेठजींच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत ईश्वर तर्कानं सिद्ध करून दाखवण्याचाच उद्योग चालत असणार, असं कुणालाही वाटेल. पण अद्वैताची वाट तशी जात नाही.

ईश्वर सिद्ध करण्याचा भारतातला सर्वांत नेटका प्रयत्न नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा. साधारण दहाव्या-अकराव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त तो मांडला. त्यांचा मुख्य युक्तिवाद सोपा आहे : जे जे कार्य असतं त्याला कर्ता असतो, जसा घड्याला कुंभार. पृथ्वी, अंकुर हीही कार्यंच. तेव्हा त्यांनाही कर्ता हवा. बौद्ध धर्मकीर्तीनं याला कित्येक शतकं आधीच वारुळाचं उदाहरण देऊन अडवलं होतं. वारूळही मातीचंच आणि त्यालाही आकार असतो. म्हणून ते कुंभारानं घडवलं असं कुणी म्हणत नाही. मीमांसक कुमारिल भट्टांनी दुसरा पेच टाकला. सृष्टीच्या आधी शरीरच नव्हतं, मग निर्माण करण्याची इच्छा कुणाला आणि कशी झाली? आणि दयाळू कर्त्यानं इतकं दुःख का घडवलं? कुमारिल वेद प्रमाण मानणारे, यज्ञयाग मानणारे, आणि तरीही जगाचा कर्ता नाकारणारे.

खरं आश्चर्य ईश्वर मानणाऱ्यांचं आहे. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्य स्पष्ट म्हणतात की ब्रह्म कळतं ते श्रुतीतून, म्हणजे वेदांतून; अनुमान मदतीला येऊ शकतं, पण एकट्याच्या बळावर तिथवर पोचत नाही. एका हुशार माणसानं कष्टानं उभं केलेलं अनुमान त्याहून हुशार माणूस पाडतो, हे त्यांचं निरीक्षण. रामानुजाचार्य तर परमभक्त. पण अनुमानानं ईश्वर सिद्ध होतो हे मत त्यांनी श्रीभाष्यात चिरफाड करून मोडलं. जगाचा कर्ता एकच कशावरून? वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्यांनी ते घडवलं नसेल कशावरून? ज्यांची श्रद्धा अढळ होती त्यांनीच पुराव्याची इतकी कठोर तपासणी करावी, ही या परंपरेची मोठी कमाई आहे.

अमळनेरला पोचलं ते हे सगळं, आणि सोबत जर्मन तत्त्वज्ञ कान्टही. त्यानं १७८१ साली युरोपातल्या ईश्वरसिद्धींचा असाच हिशेब मांडला होता. मनातले शंभर थालर (तेव्हाची जर्मन नाणी) आणि खिशातले शंभर थालर यांच्या कल्पनेत काहीच फरक नसतो, म्हणून नुसत्या कल्पनेतून अस्तित्व निघत नाही. पण अनुभवापलीकडच्या गोष्टीबद्दल बुद्धीला ‘आहे’ सिद्ध करता येत नाही, तसं ‘नाही’ही करता येत नाही, हे सांगणाराही तोच. पुढे कान्टच्या ग्रंथावर मार्गदर्शक पुस्तक लिहिणारे रासविहारी दास अमळनेरचेच अभ्यासक. मूळचे सिंधचे घनश्यामदास मलकानी संस्थेचे चालक. दास, मलकानी आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचं ‘अज्ञान’ हे पुस्तक १९३३ साली लंडनहून निघालं. मूर्तींनी नंतर बौद्ध माध्यमिक दर्शनावर जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिला. प्रत्येक सिद्धान्त तर्कानंच मोडून दाखवणाऱ्या नागार्जुनाची ती परंपरा.

कृष्णचंद्र भट्टाचार्य हे या मंडळीतलं सर्वांत खोल नाव. त्यांचं ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे पुस्तक १९३० साली याच संस्थेनं छापलं, आणि पुढे काही काळ ते संस्थेचे संचालक होते. जाणणारा ‘मी’ कधीच जाणलेली वस्तू होत नाही, हा त्यांचा गाभा. हे मान्य केलं तर वादाचं स्वरूपच पालटतं. तर्क सिद्ध करतो ते वस्तूबद्दल. जे मुळात वस्तूच नाही, त्याच्यासाठी पुरावा मागणं आणि तो नाही म्हणून नाकारणं, दोन्ही डाव चुकीच्या पटावर मांडलेले ठरतात.

खानदेशाला तर्काचं हे वळण नवं नव्हतं. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवानं काढलेल्या मठाचा तो लेख. त्यात भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला तार्किकचक्रवर्ती म्हटलं आहे. यादव राजा जैत्रपालानं त्याला इथूनच आपल्या दरबारी नेलं. खुद्द भास्कराचार्य बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीबद्दल लिहितात : तिच्यात काही मिळवा, काही वजा करा, ती बदलत नाही; जसा प्रलयात जीव सामावले आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडले तरी अनंत अच्युत बदलत नाही. नैयायिकांच्या अनुमानात ईश्वर हे साध्य असतं. इथे तो दृष्टान्त झाला आहे, आणि सिद्ध करायचं आहे ते गणित.

साने गुरुजी १९२३-२४ च्या सुमारास तत्त्वज्ञान मंदिरात होते. तिथून ते अमळनेरच्याच शाळेत मास्तर झाले, मुलांच्या वसतिगृहात रमले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं विनोबा दर रविवारी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्याय. ईश्वर आहे की नाही याचा खटला त्या प्रवचनांत चालत नाही. तो आहे असं धरून माणसानं काम कसं करावं, याचाच विचार आहे.

संस्थेचं ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक १९२५ पासून निघत होतं. १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानं अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राच्या साथीनं ते ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावानं चालवलं. त्यातल्या वादांचा बहुतेक भाग इंग्रजीतच राहिला. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत तर्कशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी त्यातले निवडक लेख मराठीत यायला हवेत. धर्मकीर्तीचं वारूळ समजायला त्यांना टिपेची गरज पडणार नाही.