न पाहिलेल्या आजोबांचा वारसा

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 च्या मे महिन्यात मुंबईत वारले. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक त्यानंतर जन्मले. आजोबांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. आजोबा त्यांना भेटले ते कागदांतून. त्यातला सर्वांत मोलाचा पुरावा आजीचा, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा.

या पुराव्याकडे सावधपणेच पाहायला हवं. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग 1934 ते 1937 या काळात छापले गेले, म्हणजे आतल्या कितीतरी घटना तोवर तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. संवाद आठवणीतून लिहिलेले, तारखा क्वचितच. तरीही माझ्या मते टिळकांच्या चारित्र्याविषयी याहून भरवशाचा साक्षीदार नाही. ज्या बाईला या माणसानं सर्वांत जास्त दुखावलं, तिनंच ही साक्ष दिली आहे. न सांगता घरातून निघून जाणारा, भडकणारा, हातात पैसा न ठरणारा नवरा तिनं झाकला नाही. असा साक्षीदार चांगलं सांगतो तेव्हा ते मानावं लागतं.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या आणि काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली. ही जखम पुस्तकात उघडीच आहे, आणि धर्मांतरामागची तळमळ कितीही खरी मानली तरी टिळकांचा हा दोष पुसला जात नाही.

पण त्याच वर्षांत त्यांनी काय केलं नाही, हेही बघितलं पाहिजे. 1866 च्या कायद्यानं धर्मांतरित ख्रिस्ती माणसाला वाट मोकळी करून दिली होती: जोडीदार धर्मापायी नांदायला येत नसेल, तर कोर्टात जाऊन विवाह संपवता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते थांबले.

लक्ष्मीबाई अहमदनगरला नवऱ्याकडे परतल्या तेव्हा सोवळं बरोबर घेऊनच आल्या. त्यांचं माहेर असं की वडील मीठसुद्धा धुऊन घेत! असल्या संस्कारात वाढलेल्या बाईची वेगळी चूल, वेगळं पाणी मिशनच्या आवारात चालू राहिलं. ज्यानं जात सोडली होती, त्याच्याच हाताचं पाणी बायकोला चालत नव्हतं. हे दिवस लक्ष्मीबाईंनी बारकाईनं टिपलेत. त्यांचा पालट नवऱ्याच्या हुकमानं झाला नाही, तर विचार करता करता जातिभेदाचा आधारच त्यांच्या मनातून सुटत गेला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्षमा, सहनशीलता या गुणांवर टिळकांनी पुष्कळ लिहिलं. मला मात्र त्या वेगळ्या चुलीचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. मुळात तापट असलेल्या माणसानं स्वतःच्या घरात धरलेला तो धीर आहे.

दुसरा कागद ‘ख्रिस्तायन’चा. टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करायला घेतलं आणि ते अपुरं ठेवूनच गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईनं! त्याही 1936 साली गेल्या, आणि शेवटी मुलानं, देवदत्तांनी, हात लावून 1938 मध्ये ग्रंथ छापून बाहेर काढला.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांबद्दल थोडक्यात एवढंच: 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची पगाराची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर बांधलेलं उत्पन्न सोडायचं, तेही या घरात, जिथं पैसा कधीच टिकला नव्हता! त्याची झळ कोणाला बसली असेल, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको.

हा सगळा दप्तरखाना नातवाच्या हाती आला. घराण्याचा मोठेपणा जपण्यासाठी आजीचे कडवट परिच्छेद गाळणं त्यांना अवघड नव्हतं, कोणी जाब विचारला नसता. अशोकरावांनी ‘स्मृतिचित्रे’ संपूर्ण संपादित केली, टीपा जोडल्या, आणि आजोबांवरचा आजीचा राग होता तिथंच राहू दिला.