हेलियम, विजयदुर्ग आणि दरवर्षी येणारा तो फॉरवर्ड

१८ ऑगस्ट जवळ आला की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला! लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने १८६८ साली इथूनच सूर्यग्रहण पाहिले!" आपणही अभिमानाने तो मुलांना वाचून दाखवतो. पण आपली पोरं इथे वाढलेली. शाळेत प्रोजेक्ट करायचा झाला तर ती आधी तपासून बघणार, आणि लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच, हे त्यांना दोन मिनिटांत कळणार. मग पुढच्या वेळी तुम्ही शिवाजी महाराजांच्या आरमाराबद्दल खरं सांगितलंत तरी "बाबा, हे पण फॉरवर्ड का?" असा प्रश्न येईल. म्हणून म्हटलं, खरी गोष्ट नीट लिहून काढू. ती फॉरवर्डपेक्षा जास्त मजेदार आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरंच मोठं होतं. त्याची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली, विजयदुर्गावरून गेली आणि आंध्रच्या किनाऱ्यावरून बाहेर पडली. पण ऑगस्टमध्ये कोकणात दुर्बीण कोण लावणार? त्या पावसात छत्री उघडी राहिली तरी नशीब! त्यामुळे शास्त्रज्ञ घाटावर आणि त्याच्याही पलीकडे पांगले. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट हर्शेल होता, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. तिथेही ढगांनी त्याला छळलंच. पिएर जान्सेन हा फ्रेंच माणूस थेट गुंटूरला गेला आणि त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ काळा सूर्य बघायला मिळाला.

त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून पाहिला. पांढऱ्या प्रकाशाचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा होतो हे मुलांना माहीत असतं. तापलेल्या विरळ वायूचा मात्र सलग पट्टा होत नाही, ठरावीक रंगाच्या सुट्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या. अगदी बोटांच्या ठशांसारख्या. या रेषा इतक्या ठसठशीत होत्या की जान्सेनला वाटलं, या तर ग्रहण नसतानाही दिसतील. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्याने तसं करूनही दाखवलं.

तेव्हा लॉकियर कुठे होता? लंडनमध्ये. वॉर ऑफिसात कारकून होता तो! नोकरी सांभाळून वेस्ट हॅम्पस्टेडला घरी दुर्बीण लावायचा. तीच कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती, पण यंत्र बनवणाऱ्याने उशीर केला. ते हातात पडल्यावर २० ऑक्टोबरला, ग्रहणबिहण काही नसताना, त्याने त्या ज्वाळांच्या रेषा पकडल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. मला हा भाग फार आवडतो, कारण "आधी कोण?" या भांडणाचा असा शेवट क्वचितच होतो.

त्या रेषांत एक पिवळी होती. ग्रहण पाहणाऱ्यांपैकी काहींना ती सोडियमची वाटली होती. लॉकियरने नीट मोजलं तेव्हा ती सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी निघाली, पण त्यांची नव्हे. हायड्रोजनचीही नव्हे. म्हणजे सूर्यावर असं काहीतरी होतं जे पृथ्वीवर कोणाला माहीत नव्हतं. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिओस, त्यावरून नाव पडलं हेलियम. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसेना. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅमसेने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल ओतलं, बाहेर आलेला वायू तपासला आणि समोर तीच पिवळी रेषा! सत्तावीस वर्षं सूर्यावरच असलेली वस्तू अखेर बाटलीत आली.

मग विजयदुर्ग? तो आहेच गोष्टीत, फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण कोकणावरून गेलं, आणि या वेळी आकाश स्वच्छ. तोवर 'सर' झालेला लॉकियर तेव्हा खरोखर विजयदुर्गला तळ ठोकून होता. मेल्पोमीन या युद्धनौकेचे खलाशी त्याने यंत्रांवर कामाला लावले होते. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. लोक त्यांच्यावर १८६८ चं साल चिकटवतात, पण लॉकियरच्या मुक्कामाची नोंद १८९८ ची आहे.

फॉरवर्डमध्ये कधीच नसलेलं एक नावही मुलांना सांगा: कावसजी दादाभाई नेगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली, तिथे वीस इंची दुर्बीण बसवली आणि १८९८ चं हेच ग्रहण सोलापूरकडच्या जेऊरला जाऊन टिपलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळीही त्याच जेऊरला उतरली होती. तेव्हा कॅलिफोर्नियावाल्यांनो, लिक बघायला गेलात तर पोरांना हे नक्की सांगा. नेगमवालांची दुर्बीण पुढे कोडईकनालला गेली. आपल्याकडे साहेबाचे ओटे सगळ्यांना ठाऊक, नेगमवाला मात्र पुण्यातही फारसे कोणाला माहीत नाहीत. मला तरी हे खटकतं.

आणि आवर्त सारणी पाठ करणारं एखादं कार्टं विचारेल, "निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, मग यालाच हेलियम का?" उत्तर सोपं आहे. लॉकियरला तो धातू वाटला होता, म्हणून सोडियम-कॅल्शियमसारखं शेपूट लावलं. वायू आहे हे कळेपर्यंत नाव रुळून गेलं होतं.