चाळीच्या खोल्या आणि बालमृत्यूचा हिशेब

सार्वजनिक गणेशोत्सव म्हटला की मुंबईची चाळ डोळ्यांपुढे उभी राहते. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली उत्सव सुरू झाला, हे महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण मराठी लोकही अभिमानाने सांगतो. मुंबईच्या चाळींचा आणखी एक इतिहास महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या दप्तरात आहे. तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून यंदा स्मरणिकेसाठी मी तोच विषय निवडला.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ बालके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. आकडा भयंकर आहेच. पण आरोग्य खाते तेवढ्यावर थांबले नाही. बालकाचे कुटुंब किती खोल्यांत राहत होते, त्याप्रमाणे त्याने तक्ता मांडला. एक खोली किंवा त्याहून कमी जागेत हे प्रमाण हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३! शहर तेच, पाऊस तोच, साथीही त्याच.

माझी सारी नोकरी दिल्लीत सरकारी सांख्यिकी खात्यात झाली. त्यामुळे असा तक्ता दिसला की आधी मोजणीतली खोट शोधायची सवय. इथेही ती आहे. कामगारांच्या अनेक बायका बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर जात. जन्माची नोंद गावी होई आणि मूल मुंबईत दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे एका खोलीचा आकडा फुगला. पण तो काही प्रमाणात कमी धरला, तरी दोन, तीन आणि चार खोल्यांमधला फरक बोलतोच. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतही मुंबईत तथाकथित खालच्या जातींतील मृत्यूचे प्रमाण हजारी ६१.६ होते, तर पारशी समाजात ९.

मग कारणांचा शोध सुरू झाला. डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करून १९२२ साली अहवाल दिला. आई कामावर गेल्यावर मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची चाल किती सर्रास होती, ते त्यातून पुढे आले. बाळंतिणीने घरी राहायचे तर पगार बुडे, हे खरे दुखणे होते.

ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयक नामंजूर झाले. पुढे मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी विधेयक मांडले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली तेथे मांडली. १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. असा कायदा करणारा मुंबई हा देशातला पहिला प्रांत.

१९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हेच काम देशभर करीत आली आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशाचा अर्भकमृत्यूदर हजारी ३५ वर आला होता, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच पाहणीत सर्वांत गरीब गटातील बालमृत्यू सर्वांत श्रीमंत गटाच्या दुपटीहून जास्त दिसतात. सरासरी घसरली म्हणजे दरी बुजली असे नव्हे.

आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिराच्या अहवालात किती जणांनी लाभ घेतला, हे आपण दरवर्षी छापतो. यंदापासून आणखी एक रकाना ठेवावा, अशी माझी सूचना आहे: कोणत्या वस्तीतून कोणीच आले नाही?